मूळ न खोडता घातलेली खोळ

आमच्या लोह्याकडच्या निजामी काळातल्या जमिनीच्या कागदांत उर्दू सर्रास आढळते. त्यांचे मराठी भाषांतर वेगळ्या कागदावर करून सोबत जोडायचे असते. मूळ दस्तावर खाडाखोड झाली की त्याची पत गेली. संगणकाच्या जगाला हाच धडा कसा मिळाला, त्याचा हा छोटा इतिहास.

लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत सुरू केली. तिथेच 1966 मध्ये वॉरन टाइटेलमन यांनी आपल्या प्रबंधात 'अ‍ॅडव्हाइस', म्हणजे सल्ला, ही कल्पना मांडली. दुसऱ्याने लिहिलेल्या फंक्शनला हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपले काम बसवायचे. जणू वरून खोळ घालायची. पुढे इंटरलिस्पमध्ये त्यासाठी 'अ‍ॅडव्हाइज' ही आज्ञा आली आणि खोळ उतरवायला 'अनअ‍ॅडव्हाइज'. मला ही दुसरी आज्ञा जास्त मोलाची वाटते.

पेच पडला तो जेनेरिक फंक्शनपाशी. 1994 च्या कॉमन लिस्पच्या प्रमाणित रूपात ते आहे. याचे नाव एक, पण आत रीती अनेक. समजा नाव 'क्षेत्रफळ': वर्तुळ दिले तर एक रीत, चौकोन दिला तर दुसरी, नवी रीत नंतरही जोडता येते. साध्या फंक्शनच्या नावावर खोळ ठेवली तर भागते. इथे तसे केले आणि कुणी त्रिकोणाची रीत जोडायला आले, तर त्याच्या हाती खोळच लागते. तिच्यात रीतींना जागा नाही. उतरवतानाही धोका आहे. आधी जपलेली जुनी प्रत परत बसवली, तर मधल्या काळातली दुरुस्ती गुपचूप पुसली जाते.

सीएमयू कॉमन लिस्प आणि त्यातून 1999 मध्ये वेगळे झालेले एसबीसीएल यांत प्रत्येक खोळीला नाव असते. त्याच नावाने ती उतरवता येते. एसबीसीएल तर जेनेरिक फंक्शनच्या खोळींची नोंद त्या फंक्शनच्याच पोटात ठेवते. त्यामुळे फंक्शन तेच राहते आणि नवी रीत नेहमीसारखी जोडली जाते.

मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांकडून मी एवढेच मागतो. अर्थ जरूर लावा, पण स्वतःच्या नावाने लावा. मूळ शाबूत ठेवा, म्हणजे उद्याच्या वाचकाला तुमची खोळ काढून ते स्वतः वाचता येईल.