पुतळ्यांची माळ मोडीत देण्याआधी एकदा उलटून बघा

सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून लग्नसराईत एकच गोष्ट ऐकू येते : जुनं मोडा, नवीन करा. हौस आहे, गरजही असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण भंडारा-पवनीपासून तुमसर-साकोलीपर्यंत ज्यांच्या घरी आजी-पणजीची पुतळ्यांची माळ आहे, त्यांनी पाच मिनिटं काढून हे वाचावं.

पुतळी हा दागिना नंतर झाला, आधी ते नाणं होतं. आणि तेही आपल्याकडचं नव्हे, इटलीतल्या व्हेनिसचं! व्हेनिस म्हणजे एक शहर, पण स्वतंत्र राज्य. तिथे वंशाचा राजा नव्हता. मोठ्या घराण्यांतून निवडलेला प्रमुख असायचा, त्याला डोज म्हणत. 1284 साली त्यांनी डुकॅट नावाचं सोन्याचं नाणं पाडलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोज, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या लंबगोलात येशू. आपल्या लोकांना त्यावर माणसांच्या आकृती दिसल्या, नाव पडलं पुतळी.

1797 मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवलं. तोवरच्या पाचशे वर्षांत डोज बदलला की नाण्यावरचं नाव बदलायचं. चित्र, वजन आणि कस जवळपास तोच. म्हणून व्यापारी डोळे झाकून ते घेत. युरोपला आपली मिरी, मसाले, कापड हवं होतं आणि बदल्यात देण्यासारखा माल त्यांच्याकडे कमी, म्हणून सोनं-चांदी मोजावी लागे. इजिप्त, तांबडा समुद्र आणि मग सुरत-मलबारची बंदरं, अशा वाटेने हे नाणं आलं. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्याची यादी आहे, तीत होन-मोहरांसोबत पुतळ्याही आहेत.

पुढे या नाण्याच्या नकला इथेच होऊ लागल्या, सोनारांनी त्याच धर्तीवर पातळ पुतळ्या घडवल्या. आज घरोघरी आहेत त्या बहुतेक याच. पण म्हणून त्या टाकाऊ नाहीत. परदेशी अक्षरं वाचता न येणाऱ्या कारागिराने त्यांच्या नुसत्या रेघा कशा केल्या, हे त्यात दिसतं. तोही आपलाच इतिहास आहे.

माझं म्हणणं एवढंच. 1854 साली इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, आपला भंडारा त्यातलाच. भोसल्यांचे दागिने कलकत्त्यात लिलावात विकले गेले. राजवाड्यातलं गेलं, उरलं ते घरातल्या बायकांनी गळ्यात आणि डब्यात जपलेलं. संग्राहक म्हणायचं तर त्यांनाच म्हणावं. आणि भट्टीत गेलेल्या पुतळीची फक्त लगडी होते. ती कुठली, कोणाच्या काळची, हे कायमचं पुसलं जातं.

तेव्हा मोड देण्याआधी :

एक, प्रत्येक पुतळी वेगळी तोला. साडेतीन ग्रॅमच्या जवळ असेल तर थांबा. अशा दहा पुतळ्या म्हणजे बरोबर जुने तीन तोळे. कडी डाखलेली किंवा भोक पाडलेलं असेल तर वजन थोडं इकडेतिकडे होईल.

दोन, दोन्ही बाजूंचे मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा. कडेला रोमन अक्षरं नीट वाचता येतात का बघा.

तीन, शंका आली तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, किंवा नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. जुन्या नाण्याची किंमत नुसत्या वजनावर ठरत नाही.

आणि शेतात किंवा घराच्या पायव्यात काही सापडलं, तर तो वेगळा विषय. 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशात विकायला पाठवणं हाही 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी गोड बोलून मागितलं तरी देऊ नका.

माळ तुमची, निर्णयही तुमचाच. मोडायचीच असेल तर खुशाल मोडा, पण फोटो आणि वजन वहीत लिहून ठेवा, कोणाकडून कोणाकडे आली तेही. घरातल्या म्हाताऱ्या बाईला आजच विचारा, हे सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नसतं.