रस्त्याला टेकलेली गाडी

जुन्या सेडानच्या मूळ स्प्रिंग काढायच्या, आखूड बसवायच्या आणि गाडी दोनतीन इंच खाली आणायची, ही हौस आपल्याकडच्या तरुणांनाही आहे. शेजारीपाजारी म्हणतात, "पोरांना पैसे जास्त झालेत!" गंमत अशी की, ही हौस जिथे एका समाजाची ओळख बनली, तिथे त्या पोरांकडे पैसे फारसे नव्हतेच. ती जागा म्हणजे कॅलिफोर्निया, विशेषतः लॉस एंजेलिसचा पूर्व भाग.

हा मुलूख १८४८ च्या तहापर्यंत मेक्सिकोचा होता. तहानंतर माणसं होती तिथेच राहिली, सीमा मात्र त्यांच्या अंगावरून पुढे सरकली. (बेळगावच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.) पुढे मेक्सिकोतून कामासाठी आलेल्यांची त्यांत भर पडली. पण त्यांचं उठून दिसणं इतरांना खुपायचं. १९४३ साली लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांनी या समाजातल्या तरुणांना रस्त्यात गाठून मारलं, त्यांचे ढगळ, झोकदार सूट अंगावरून उतरवले.

महायुद्ध संपलं आणि कपड्यांतली ती ऐट गाड्यांत उतरली. इतर तरुण जुन्या गाड्यांना जास्त वेग आणण्याच्या मागे होते. यांनी उलटं केलं. जुनी शेवरले घ्यायची, चकचकीत करायची, जमिनीलगत आणायची आणि रविवारी अगदी सावकाश फिरवायची. लोकांनी बघावं म्हणूनच ती फिरायची.

खाली आणायच्या युक्त्या गरिबाघरच्या होत्या. कोणी डिकीत वाळूच्या गोणी टाकी, कोणी स्प्रिंगचं एखादं वेटोळं कापी, कोणी गॅसने तापवून स्प्रिंग बसवी. मागे पाटे असतील तर पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालत. यातले धोके आजही तेच आहेत. वेटोळं कापलं की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. तापवली तर पोलादाचं पाणी उतरतं आणि ती पुढे आणखी बसत जाते. शॉकअॅब्सॉर्बर जुनेच ठेवले तर खड्ड्यात गाडी खाली आपटते. म्हणून आज योग्य ताठरपणाच्या तयार आखूड स्प्रिंग घेतात, आणि त्या बसवल्यावर चाकांचं अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं.

मग आला कायदा. १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ आलं. त्याचा आशय असा: मूळ रचना बदलून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली आणता येणार नाही. कारकुनाच्या नजरेने वाचलं तर कलम निर्दोष आहे. त्यात कोणत्याही समाजाचं नाव नाही. टायर फुटला तर गाडी रस्त्यावर घासू नये, हा तर्कही त्यात दिसतो. पण रस्त्यात कोणाची गाडी थांबवायची, हे कलम ठरवत नसतं. ते ठरवतो समोर उभा असलेला पोलीस.

या कलमाला १९५९ साली एक जबरदस्त उत्तर मिळालं. रॉन अग्विरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानातले जुने हायड्रॉलिक पंप बसवले. कळ दाबली की गाडी खाली, पुन्हा दाबली की वर! पोलीस दिसला की गाडी कायदेशीर उंचीवर हजर. मोजायचं तरी काय?

पुढे शेवरलेची इम्पाला या मंडळींची लाडकी झाली. त्यांचं 'लोरायडर' मासिक १९७७ साली निघालं. विटिअर बुलेव्हार्ड हा त्यांचा राजरस्ता. तेव्हा निर्बंधांनी रूप बदललं. गाडीच्या उंचीबरोबर आता फेऱ्याही मोजू लागले. एकाच रस्त्यावरून पुनःपुन्हा गाडी फिरवण्यावर अनेक शहरांनी बंदी घातली. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीत ती १९९२ साली आली आणि २०२३ पर्यंत टिकली.

दरम्यान त्याच गाड्या संग्रहालयांत जाऊन बसल्या. न्यू मेक्सिकोतली १९६९ ची एक फोर्ड स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. गुलाबांची नक्षी रंगवलेली 'जिप्सी रोझ', म्हणजे १९६४ ची इम्पाला, २०१७ साली वॉशिंग्टनमध्ये काचेच्या पेटीत मांडली गेली. काचेआड राष्ट्राचा वारसा, आणि रस्त्यावर मात्र गुन्हा!

अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी एका विधेयकावर सही केली. १ जानेवारी २०२४ पासून फेऱ्यांवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार संपला आणि उंचीचं ते कलमही गेलं. सुमारे ६५ वर्षं लागली. कलम लिहिणाऱ्याला दोन ओळी पुरतात, ते पुसायला मात्र पोरांचे आजोबा व्हावे लागतात.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी बुटकी सेडान गतिरोधकावरून तिरकी होत, जपून जाताना दिसली तर हॉर्न वाजवू नका. तिला घाई नाही, आणि त्या सावकाशीसाठी कोणीतरी तीन पिढ्या भांडलं आहे.