लोककल्याण निधीची दिवाणी वसुली

गरीब, दिव्यांग, महिला, बालके, बांधकाम मजूर किंवा झोपडपट्टीवासी यांच्यासाठी राखून ठेवलेला सार्वजनिक पैसा भलत्याच कामावर खर्च झाला, खोट्या देयकावर उचलला गेला किंवा अपात्र माणसाच्या हाती पडला, तर तो दिवाणी दाव्याने किंवा दिवाणी स्वरूपाच्या वैधानिक कार्यवाहीने परत मिळवण्याची प्रक्रिया. फौजदारी खटला शिक्षेसाठी असतो, दिवाणी दावा भरपाईसाठी. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. फौजदारी न्यायालयात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो, तर दिवाणी न्यायालयात पुराव्याचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहिले जाते. म्हणून आरोपी निर्दोष सुटला तरी पैशाचा दावा त्या कारणाने बुडत नाही. आरोपी मरण पावला की त्याच्यावरचा खटला संपतो. पैशाचा दावा मात्र वारसांकडे जातो आणि वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेपुरती त्यांची जबाबदारी राहते.

महाराष्ट्रात अशा प्रकरणांचा पाठपुरावा गुन्हा नोंदवणे, अटक, जामीन आणि शिक्षा याच क्रमाने होतो. ज्याच्यासाठी पैसा होता त्याला तो परत मिळाला का, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि तोवर बहुधा मुदत टळलेली असते. कायद्यात मार्ग नाहीत म्हणून असे होत नाही. मार्ग पुष्कळ आहेत. ते वेळेवर वापरण्याचे काम ज्याच्याकडे असते, पुष्कळदा त्याच्याच सहीने पैसा गेलेला असतो.

मीरा-भाईंदरचा संदर्भ : ठाणे जिल्ह्यातील या शहरात १२ जून १९८५ रोजी नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. खाडी आणि डोंगर यांच्यामधल्या गावांचे एका पिढीत लाखोंच्या वस्तीचे शहर झाले. कल्याणनिधी येथे अनेक वाटांनी येतो. अंदाजपत्रकात महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी ५ टक्के तरतूद राखायची असते. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातील ‘बीएसयूपी’ घरकुल योजना काशीमिऱ्याजवळच्या जनतानगर आणि काशीचर्च या वस्त्यांसाठी आली आणि वर्षानुवर्षे रखडली. तिसरी वाट बांधकाम उपकराची. इमारतीच्या खर्चाच्या १ टक्का रक्कम स्थानिक संस्था बांधकाम परवानगीबरोबर गोळा करते आणि राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे पाठवते. मीरा-भाईंदर बांधकामावरच वाढलेले शहर असल्याने हा उपकर येथे किरकोळ मानता येत नाही.

या उपकराचे देशभरात काय झाले, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मार्च २०१८ च्या निकालात नोंदले आहे. ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमली होती आणि मजुरांवर त्यातले सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले होते. त्याआधी नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या प्रतिज्ञापत्रातून या पैशातून लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे घेतली गेल्याचे न्यायालयासमोर आले होते. नाक्यावर रोज सकाळी काम शोधत उभ्या असलेल्या मजुराच्या दृष्टीने न खर्चलेला आणि भलतीकडे खर्चलेला पैसा सारखाच. कायद्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. पडून राहिलेल्या निधीसाठी जनहित याचिका करता येते. भलतीकडे गेलेल्या निधीसाठी कोणाकडून किती घ्यायचे हे नाव आणि आकडा घालून सांगावे लागते. मंडळ ही कायद्याने निर्माण झालेली निगमित संस्था असल्याने स्वतःच्या नावाने दावा लावू शकते.

दावा कोणी लावायचा : महानगरपालिकाही निगमित संस्था आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८१ खाली दिवाणी दावे लावण्याचा अधिकार आयुक्तांकडे आहे आणि त्याला स्थायी समितीच्या मंजुरीची जोड लागते. अडचण इथेच सुरू होते. कंत्राट मंजूर करणारी स्थायी समितीच त्या कंत्राटावरच्या दाव्याला मंजुरी देणार. ऑगस्ट २०२२ मध्ये मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणूक होईपर्यंत समिती आणि महासभा यांचे अधिकार प्रशासकाकडे आले, म्हणजे खर्च करणारा आणि खर्चावर दावा लावणारा हात एकच झाला. अशी रचना कोणत्याही शहरात धोक्याचीच, मग पदावर कितीही सचोटीची व्यक्ती असो.

नागरिकाला या कामी थेट उतरणे कठीण आहे. महापालिकेला पैसे परत करा, असा दावा करदाता आपल्या नावाने सहसा लावू शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९१ लोकांना बाधक ठरणाऱ्या बेकायदा कृत्याविरुद्ध दोन किंवा अधिक व्यक्तींना न्यायालयाच्या परवानगीने दाद मागू देते. पण तो मार्ग मुख्यतः घोषणा आणि मनाई हुकूम यांचा आहे. अमेरिकेत १८६३ पासून असा कायदा आहे की सरकारला फसवून पैसे घेणाऱ्यावर सामान्य नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि वसुलीत त्याला वाटा मिळतो. भारतात त्याला समांतर असे काही नाही. आपल्याकडे माहिती अधिकारात कागद मिळवणारा कार्यकर्ता पोलिसांपर्यंत किंवा उच्च न्यायालयापर्यंत पोहोचतो आणि वसुलीचा प्रश्न पुन्हा त्याच कार्यालयाच्या टेबलावर येऊन पडतो.

मुदत : या विषयातला सर्वांत निर्णायक आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ११२ नुसार केंद्र किंवा राज्य सरकारला दाव्यासाठी ३० वर्षे मिळतात. महानगरपालिका म्हणजे सरकार नव्हे. कराराचा भंग असो की चुकून दिलेले पैसे असोत, तिला साधारणपणे ३ वर्षांतच न्यायालयात जावे लागते. कलम १७ प्रमाणे फसवणूक उघड झाल्यापासून किंवा वाजवी दक्षतेने उघड होऊ शकली असती तेव्हापासून मुदत मोजली जाते, एवढा दिलासा आहे. आता प्रत्यक्षातला क्रम पाहावा. देयक निघते, काही वर्षांनी लेखापरीक्षणात आक्षेप येतो, अनुपालनासाठी पत्रे फिरतात, चौकशी समिती बसते, तिचा अहवाल येतो. आक्षेप कागदावर आला त्या दिवशीच फसवणूक ‘उघड’ झाली, असे प्रतिवादीचा वकील म्हणणार, आणि पुष्कळदा ते बरोबरच असते. लेखाआक्षेप आला की पहिल्या महिन्यात विधी विभागाकडे धारिका जाणे हाच यावर उपाय आहे.

दाव्याचा पाया : भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ७२ चुकीने दिलेली रक्कम परत मागू देते आणि कलम ७३ करारभंगाची भरपाई देते. घरकुलाच्या कंत्राटासारखी बांधकामाची प्रकरणे ३ लाख रुपयांपुढे वाणिज्यिक न्यायालयात जातात, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल तर आधी मध्यस्थीची पायरी सक्तीची आहे. प्रतिवादी मालमत्ता विकून मोकळा होण्याची भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ खाली निकालापूर्वीच जप्ती मागता येते. न्यायालये ती सहजासहजी देत नाहीत. प्रतिवादी मालमत्ता लपवतो आहे याचे ठोस पुरावे लागतात. दावा लावण्याआधीची सर्वांत सोपी वसुली मात्र महापालिकेच्याच हाती असते : सुरक्षा अनामत जप्त करणे, बँक हमी वटवणे, चालू देयकातून कपात करणे. मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी खऱ्या असतील तरच हे जमते. खोटी मापे चढवलेली असतील तर कंत्राटदार त्याच पुस्तिकेचा आधार घेऊन उलट दावा लावतो.

दाव्याविना वसुली : जुन्या मुंबई प्रांतातील १९३० च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यात बेकायदा खर्च नामंजूर करून तो मंजूर करणाऱ्यावर अधिभार बसवण्याची आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आली. इंग्लंडमधील जिल्हा लेखापरीक्षकाच्या अधिभाराशी तिचे नाते आहे. तेथील वेस्टमिन्स्टर परिषदेच्या तत्कालीन प्रमुख शर्ली पोर्टर यांनी मतांच्या हिशेबाने घरे विकल्याबद्दल बसलेला अधिभार डिसेंबर २००१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कायम ठेवला आणि २००४ मध्ये त्यांनी १ कोटी २३ लाख पौंड भरून तडजोड केली. निवडून आलेल्या व्यक्तीच्या खिशातून एवढी रक्कम वसूल झाल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत. निधी एखाद्या धर्मादाय संस्थेमार्फत खर्च झाला असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांवर अधिभार बसवू शकतात. सहकारी संस्थेतील नुकसानीसाठी १९६० च्या सहकार कायद्याचे कलम ८८ आहे.

कर्मचाऱ्यांकडून वसुलीसाठी महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत वेतनातून नुकसानभरपाई घेण्याची शिक्षा आहे. निवृत्तीनंतर १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील नियम २७ लागू होतो. पण घटना चौकशी सुरू होण्यापूर्वी ४ वर्षांहून अधिक काळ आधीची असेल तर विभागीय चौकशी लावता येत नाही. चुकून जादा दिलेले वेतन वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून परत घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले. वरिष्ठांच्या व्यक्तिगत जबाबदारीचा पाया लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालात आहे : छळवणुकीबद्दलची भरपाई करदात्याने का सोसावी, संबंधित अधिकाऱ्याकडून ती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. हे तत्त्व फार ताणता येत नाही, हेही नंतर दिसले. पेट्रोल पंप वाटपात माजी केंद्रीय मंत्री सतीश शर्मा यांच्यावर १९९६ मध्ये बसवलेला ५० लाख रुपयांचा दंड त्याच न्यायालयाने १९९९ मध्ये पुनर्विलोकनात मागे घेतला.

जळगाव घरकुल प्रकरण : महाराष्ट्रातील नागरी संस्थांच्या कल्याणनिधीचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण. जळगाव नगरपालिकेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झोपडपट्टीवासीयांसाठी हजारो घरे बांधायला घेतली. पैसा प्रामुख्याने हुडको या केंद्रीय गृहनिर्माण वित्तसंस्थेच्या कर्जातून आला. कंत्राटदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम देण्यात आली आणि बहुसंख्य घरे पूर्ण झालीच नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये, तोवर महापालिका झालेल्या या संस्थेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना ७ वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड, तर माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना ५ वर्षे कैद झाली. त्यावर अपिले झाली.

फिर्याद आणि शिक्षा यांत १३ वर्षे गेली. दरम्यान थकलेल्या कर्जासाठी हुडकोने कर्जवसुली न्यायाधिकरणाचा मार्ग धरला आणि महापालिकेची बँक खाती गोठवली गेली. म्हणजे दिवाणी स्वरूपाची वसुली या प्रकरणात जोरात झाली, ती जळगावच्या करदात्यांकडून. रस्ते, गटारे आणि पगार यांचा पैसा अपूर्ण घरांच्या कर्जात गेला. फौजदारी दंडाची रक्कमही आपोआप नुकसान झालेल्या संस्थेकडे जात नाही. ती भरपाई म्हणून द्यावी असा आदेश न्यायालयाने करावा लागतो, आणि अपील असेपर्यंत तीही थांबते. महापालिकेच्या वतीने वसुलीचा दावा २००६ मध्येच फिर्यादीबरोबर लावणे हा स्वतंत्र आणि खुला मार्ग होता.

अन्य प्रकरणे : मातंग समाजासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेल्या लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातील शेकडो कोटींच्या अपहाराच्या आरोपावरून तत्कालीन आमदार रमेश कदम यांना ऑगस्ट २०१५ मध्ये अटक झाली. आदिवासी विकास विभागातील २००४ ते २००९ या काळातील खरेदी आणि वाटपाच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्या. गायकवाड समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१७ मध्ये आला. राज्य सरकार स्वतः वादी असेल तेथे ३० वर्षांची मुदत उपलब्ध असते.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने अशाच प्रसंगी वेगळी वाट धरली. गरीब कुटुंबांसाठीच्या निधीतील किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे गेल्याचे राज्य लेखापरीक्षक शॅड व्हाइट यांच्या तपासणीत निघाले. फेब्रुवारी २०२० मध्ये काही जणांना अटक झाली आणि मे २०२२ मध्ये, फौजदारी प्रकरणे संपण्याची वाट न पाहता, राज्याच्या मानवसेवा विभागाने ३८ प्रतिवादींवर एकच वसुली दावा लावला. त्यांत विभागाचे माजी संचालक होते, स्वयंसेवी संस्था चालवणारे होते आणि ब्रेट फाव्ह्र हा नामवंत फुटबॉलपटूही होता. पैसा ज्या साखळीतून गेला ती सगळी एका दाव्यात आणणे ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट.

लहान रकमा : जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये दिले जातात. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळल्याचे आणि त्यांचा लाभ स्थगित केल्याचे सांगितले. अशा प्रत्येक व्यक्तीवर दावा लावणे निरर्थक आहे. वकिलाचे शुल्क रकमेपेक्षा जास्त होईल. सरकारी नोकरीत असून लाभ घेणाऱ्यांच्या वेतनातून कपात करणे रास्त आणि सोपे आहे. अर्ज भरून देणाऱ्याच्या चुकीमुळे अपात्र ठरलेल्या घरकाम करणाऱ्या बाईच्या मागे लागण्यापेक्षा बनावट कागदांवर टोळीने खाती उघडणाऱ्या दलालांवर दावे लावावेत. दिवाणी वसुलीची ताकद मोठ्या रकमा आणि मध्यस्थ यांच्याविरुद्ध वापरायची आहे.

हुकूमनाम्यानंतर : दावा जिंकल्यावर अंमलबजावणीसाठी १२ वर्षे मिळतात. निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि वेतनाचा ठराविक भाग जप्तीपासून मुक्त असतो, त्यामुळे स्थावर मालमत्ता शोधणे हेच मुख्य काम. सातबारा, मालमत्ता पत्रक आणि दुय्यम निबंधकाकडील नोंदी दावा लावण्याआधीच तपासाव्या लागतात. वसूल झालेली रक्कम सर्वसाधारण जमेत गेली तर दिव्यांगांचा पैसा रस्त्याच्या डांबरात जाण्याची शक्यता उरते. म्हणून ती मूळ लेखाशीर्षातच जमा व्हावी, अशी मागणी वादपत्रातच लिहावी लागते.