ध्वनी आणि प्रकाश : एका ऋणाची परतफेड

१९६१ साली बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील हटसन, मॅकफी व व्हाइट यांनी कॅडमियम सल्फाइडच्या स्फटिकातून श्राव्यातीत तरंग पाठविले. स्फटिकावर प्रकाश पाडून त्यांनी त्यात मुक्त इलेक्ट्रॉन निर्माण केले आणि विद्युत्क्षेत्राच्या योगे ते ध्वनीहून अधिक वेगाने वाहविले. तेव्हा तरंग क्षीण होण्याऐवजी प्रबळ झाला. या प्रयोगात प्रकाश हा ध्वनीचा साहाय्यक होता.

ध्वनीने प्रकाशाच्या कामी यावे, ही उलट योजना आकारास येण्यास पुष्कळ काळ लोटला. घनपदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या तरंगांचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्येच मांडले होते. भूकंपाच्या धक्क्यांत या तरंगांचा मोठा वाटा असावा, असा त्यांचा कयास होता. दोन फण्यांचे दाते एकमेकांत गुंतावेत तशी विद्युदग्रे दाबविद्युत स्फटिकावर बसवून असा तरंग हवा तेव्हा उठविण्याची युक्ती १९६५ साली व्हाइट व व्होल्टमर यांनी प्रसिद्ध केली. (हे व्हाइट निराळे, नामसाम्यामुळे अभ्यासकांचा घोटाळा होण्याचा संभव आहे.)

दाबविद्युत स्फटिकावरील तरंगाबरोबर विद्युत्क्षेत्रही धावते. प्रकाशाने मुक्त झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे उरलेली धनभारित पोकळी हे क्षेत्र परस्परांपासून दूर ठेवते. १९९७ साली म्युनिक येथे रॉके, विक्सफोर्थ आदींनी अर्धसंवाहकाच्या क्वांटम कूपात हे दाखविले : प्रकाश जणू तरंगावर स्वार होऊन गेला आणि दुसऱ्या ठिकाणी, विलंबाने, पुन्हा प्रकट झाला.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकस्तराची जाडी जेमतेम ०.६५ नॅनोमीटर. इतक्या पातळ पदार्थात शोषला जाणारा प्रकाश अल्प, म्हणून त्यातून मिळालेला प्रत्येक भार मोलाचा. २०१५ साली लिथियम नायोबेटवर थेट वाढविलेल्या अशा एकस्तरात पृष्ठतरंगाच्या साह्याने प्रकाशाचा वेध घेण्यात आला. १९६१ चे ऋण येथे फिटले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हे यश म्युनिकच्या प्रयोगाची केवळ पुनरावृत्ती मानणे चुकीचे ठरेल. तेथे इलेक्ट्रॉन व पोकळी यांच्या जोडीची बंधनऊर्जा सुमारे १० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट होती. एकस्तरात ती काहीशे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. इतकी घट्ट जोडी फोडणे तरंगाच्या आवाक्यातले नाही. जे भार अन्य कारणांनी आधीच सुटे झाले आहेत, त्यांनाच तो वाहून नेऊ शकतो.