पाऱ्याचा घुमट आणि पंखा

विजेचे रूप पालटावयाचे म्हणजे उष्णतेची जकात भरणे आलेच. ही उष्णता वाऱ्याने आपण होऊन न्यावी की पंख्याने ओढून न्यावी, हा वाद जुना आहे. १९०२ साली अमेरिकेतील पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याचा रेक्टिफायर पुढे आणला, त्याच्या पाठोपाठ तो उभा राहिला.

उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहास एकाच दिशेस लावणारे हे उपकरण दिसावयास मोठे विलक्षण. काचेच्या भल्यामोठ्या फुग्याच्या तळाशी पारा, बाजूच्या सोंडांत ग्रॅफाइटची टोके आणि पाऱ्यावर थरथरणारा तेजस्वी ठिपका. चित्रपटगृहांतील कार्बनच्या दिव्यांना कित्येक वर्षे अशाच फुग्यांनी प्रवाह पुरविला. आतील ज्योत सुमारे २० व्होल्ट खाई. १०० अँपिअर वाहू लागले की २,००० वॅट, म्हणजे विजेच्या दोन शेगड्यांइतकी उष्णता! ती टाकण्यासाठीच फुग्यास प्रशस्त घुमट असे. पाऱ्याची वाफ तेथवर चढे, काचेला लागून निवे आणि थेंबाथेंबाने खाली उतरे. बाहेरची हवा तापून आपोआप वर जाई. फिरणारे, झिजणारे यात काहीच नव्हते.

प्रवाहाची मागणी वाढली, तेव्हा फुग्याखाली पंखा आला. तोच फुगा अधिक भार पेलू लागला खरा, पण त्याचे आयुष्य पंख्याच्या स्वाधीन झाले. भर ओझ्यात पंखा थांबला तर वाफेचा दाब वाढे, प्रवाह उलटा फिरे आणि ट्रान्सफॉर्मरवर शॉर्टसर्किटचा आघात होई.

पुढे सिलिकॉन आले. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर सिद्ध केला. आता १०० अँपिअरमागे जेमतेम शंभर-दीडशे वॅट. पंख्याची गरज संपली असे कोणासही वाटावे; घडले ते निराळेच. सिलिकॉनची चकती नाण्याएवढी, आणि तिला साधारण १२५ अंश सेल्सिअसपलीकडे तापू देता येत नाही. उष्णता घटली, पण ती पसरविणारा घुमटही गेला! तो विस्तार अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांनी भरून काढावा लागला. पाती उभी व विरळ असली तर हवा आपण होऊन चढते. दाट बसविली तर पंखा हवाच. आणि पंख्याचा वेग दुप्पट करावा, तर त्याला वीज सुमारे आठपट लागते, उष्णता मात्र दुपटीनेही निघत नाही. शिवाय त्याच वाऱ्याबरोबर येणारी धूळ पात्यांत दाटते ती वेगळीच.

म्हणून मोठ्या यंत्रांत पात्यांवर तापमानाची पाळत ठेवणारा स्विच असतो. मर्यादा ओलांडली की तो भार तोडतो. जेथे धूळ झाडावयास कोणी फिरकणार नाही, तेथे भार बेताचा असल्यास अभियंते आजही पंखा टाळतात आणि जाड पात्यांचे वजन पत्करतात.