भरतकामाच्या यंत्रांतील खालचा दोरा

भरतकामाचें वस्त्र पाहणारा मनुष्य त्याची सुलट बाजू पाहतो. यंत्रावर बसणारा कारागीर मात्र प्रथम तें उलटें करतो. कारण यंत्र नीट चाललें आहे कीं नाहीं, याची साक्ष उलट बाजूसच मिळते.

म्युलूझ येथील जोशुआ हाइलमान यानें १८२८ मध्यें भरतकामाचें यंत्र रचलें, तेव्हां हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. त्या यंत्रांतील सुयांना दोन्ही टोकांस अणी असून नेढें मध्यभागीं होतें. चिमट्यांच्या दोन रांगा त्या सुया कापडाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे देत व घेत. दोरा एकच, आणि तोहि ओवलेल्या लांबीपुरता. तो संपला कीं साऱ्या सुया पुन्हां ओवणें आलें, व हें डोळे शिणविणारें काम बहुधा स्त्रिया आणि मुलें यांच्याच वाट्यास येई.

पुढें १८६३ मध्यें स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन प्रांतांतील इझाक ग्रोबली यानें शिवणयंत्राचें तत्त्व भरतकामास लावलें. नेढें सुईच्या टोकाशीं आलें, पुढचा दोरा रिळावरून अखंड येऊं लागला, आणि उभ्या ताणलेल्या कापडामागें प्रत्येक सुईसाठीं एक इवलासा धोटा धांवूं लागला. त्याचा आकार होडीसारखा, म्हणून यंत्रास 'शिफली', म्हणजे होडकें, हें नांव पडलें. विणकराच्या धोट्याचेंच हें धाकटें भावंड म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु एका दोऱ्याचे दोन होतांच त्यांच्यांत ओढाताण सुरू झाली. साध्या शिवणींत दोन्ही दोरे कापडाच्या जाडींत मध्यावर अडकावे लागतात. भरतकामांत तसें चालत नाहीं. येथें मागचा दोरा किंचित् अधिक ताठ हवा, म्हणजे रंगीत दोऱ्याच्या कडा तो मागें ओढून घेतो व सुलट बाजूस स्वतः दिसत नाहीं. तो सैल राहिला तर फुलाच्या पाकळीवर पांढरे ठिपके उमटतात. फार ताठ झाला तर कापड चुरगळतें, नाहींतर दोराच तुटतो. धोट्याच्या अंगावरील लहानशी स्प्रिंग हा ताण ठरवी. एका यंत्रावर असे शेकडों धोटे! त्यांतील एक बिघडला तरी नक्षीची तेवढीच जागा विद्रूप होई.

या ताणाची खरी कसोटी लागली ती १८८० नंतरच्या दशकांत निघालेल्या रासायनिक लेसमध्यें. रेशमी कापडावर सुती दोऱ्यानें दाट नक्षी भरावयाची, आणि मग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणांत तें रेशीम विरघळवून टाकावयाचें. उरते ती केवळ दोऱ्यांची जाळी. आधाराचें कापडच नाहींसें झाल्यावर टाक्यांतील दोष झांकणार कोण? सैल टाका तेथें उसवे, ताठ टाक्यानें लेस वळे.

ग्रोबलीचा पुत्र आर्नोल्ड यानें १८९८ मध्यें छिद्रित पट्टीनें नक्षी चालविणारें यंत्र सिद्ध केलें. नक्षीवर पँटोग्राफ फिरविणाऱ्या कुशल हाताची गरज त्यामुळें उरली नाहीं. धोटे भरणाऱ्या बाईची मात्र उरली. इतिहासांत बापलेकांचीं नांवें आहेत, तिचें नाहीं. पहिल्या महायुद्धापूर्वीं भरतकाम हा स्वित्झर्लंडच्या निर्यातींतील अग्रगण्य माल होता. युद्धानंतर फॅशन पालटली, बाजार कोसळला, आणि पुष्कळ यंत्रें मोडीच्या भावानें गेलीं.

आजच्या संगणकी यंत्रांत बहुधा धोट्याऐवजीं फिरता हूक व बॉबिनची डबी असते, तरी परीक्षा जुनीच आहे. भरलेली डबी दोऱ्यानें लोंबकळत धरावी. ती आपोआप घसरली तर ताण कमी. हात हलकेच झटकला तरी जागची हलली नाहीं तर जास्त. झटक्यासरशीं थोडीशी उतरून थांबली तर योग्य. स्क्रू फिरवावयाचा तो थोडथोडा, आणि वरचा ताण त्यानंतर. मग जाड रेघ भरून कापड उलटें करावें: मधला सुमारें एक-तृतीयांश भाग पांढऱ्या दोऱ्याचा, दोन्ही कडांस रंगीत दोरा. तसें न दिसल्यास जाणता कारागीर स्क्रूस हात लावण्यापूर्वीं स्प्रिंगखालीं अडकलेली धाग्याची कसर काढून पाहतो.