‘डिस्मल’ आणि ‘लक्ष्मीज्ञान’ : एका विशेषणाचा इतिहास

महाविद्यालयीन वर्गात अर्थशास्त्राचा परिचय करून देताना ‘डिस्मल सायन्स’ म्हणजे ‘उदास शास्त्र’ हा टॉमस कार्लाईलचा शेरा हमखास सांगितला जातो. माल्थसच्या लोकसंख्या सिद्धांतामुळे हे नाव पडले, असेही सांगितले जाते. या शब्दाचा इतिहास पाहता हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

व्युत्पत्ती : ‘डिस्मल’ हा शब्द मुळात विशेषण नव्हता. ‘वाईट दिवस’ या अर्थाच्या ‘दिएस माली’ या लॅटिन शब्दसमूहापासून तो जुन्या फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. मध्ययुगीन युरोपीय दिनदर्शिकांत दर महिन्याचे २, म्हणजे वर्षाचे २४ दिवस अशुभ मानले जात. त्यांचे हे नाव. मराठी पंचांगातील घातवाराशी त्याचे साम्य आहे. मात्र घातवार राशीनुसार बदलतो, तर हे दिवस सर्वांनाच वर्ज्य असत. पुढे मूळ अर्थ विस्मृतीत गेला, ‘डिस्मल दिवस’ अशी द्विरुक्ती रूढ झाली आणि नामाचे विशेषण होऊन त्यास ‘भकास’, ‘खिन्न’ हा अर्थ आला. ‘उदास’ या प्रतिशब्दात ही अशुभाची छटा उतरत नाही. त्याचा मूळ संस्कृत अर्थ ‘अलिप्त’ असा असून संतवाङ्मयात तो गुण मानला गेला आहे.

उपयोजन : कार्लाईलने १८३९ मध्ये माल्थसविषयक वादांना हे विशेषण लावले होते, हे खरे. परंतु ‘डिस्मल सायन्स’ ही संज्ञा डिसेंबर १८४९ च्या ‘फ्रेझर्स मॅगझिन’मधील त्याच्या निबंधात आली. त्याचा विषय लोकसंख्या नसून वेस्ट इंडीजमधील मुक्त झालेले कृष्णवर्णीय मजूर हा होता. त्यांना सक्तीने कामास लावावे, असे कार्लाईलचे मत होते. मजुरी मागणी-पुरवठ्यावर सोडून माणसाला मोकळे ठेवू पाहणारे शास्त्र म्हणून त्याने अर्थशास्त्राला दूषण दिले. जॉन स्टुअर्ट मिलने जानेवारी १८५० मध्ये त्याच नियतकालिकातून त्याचा प्रतिवाद केला.

मराठी संदर्भ : त्याच १८४९ साली लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनी या शास्त्रावरील आपल्या मराठी ग्रंथास ‘लक्ष्मीज्ञान’ हे नाव दिले. एकाच वर्षी एका भाषेत या शास्त्रास अशुभसूचक विशेषण मिळाले, तर दुसरीत संपत्तीच्या देवतेचे नाव. पुढे १८७६ मध्ये लोकहितवादींनीच ‘हिंदुस्थानास दारिद्र्य येण्याची कारणे’ लिहिली. शीर्षकातील लक्ष्मीची जागा दारिद्र्याने घेतली; परंतु दारिद्र्याला कारणे असतात आणि ती शोधता येतात, ही धारणा त्या शीर्षकातही आहे.

समारोप : ‘डिस्मल’ हे विशेषण अर्थशास्त्राच्या निराशाजनक निष्कर्षांपेक्षा ते लावणाऱ्याच्या भूमिकेविषयी अधिक सांगते. म्हणून हा शेरा वर्गात सांगताना तो कोणाच्या मुक्ततेच्या विरोधात उच्चारला गेला, हेही सांगणे आवश्यक आहे.